फळ्यावरची दुसरी ओळ

आमचं गाव वर्षातले आठ महिने गाव असायचं आणि चार महिने बेट. एका अंगाला तापी, दुसऱ्या अंगाला तिला येऊन मिळणारी पांझरा, आणि पाठीमागे एक नाला. हा नाला उन्हाळ्यात शेळीचा खूरही ओला करत नसे. पण आषाढात दोन्ही नद्या भरल्या की त्यांचं पाणी नाल्यातून मागे चढायचं आणि गावाला चहूकडून वेढा पडायचा. मग जायचं-यायचं ते पांझरेवरच्या एकुलत्या एक नावेने, आणि तेही पाण्याची मर्जी असेल तर. पलीकडच्या काठावर एका मारवाडी शेठचं किराण्याचं दुकान होतं, आणि तिथून पुढे दोंडाईच्याची वाट. आमचे लोक त्या काठाला विलायत म्हणत. "काल विलायतले जाई उनू, मीठ लई उनू," असं अगदी गंभीर चेहऱ्याने सांगत.

मी धुळ्याची. माहेरचं घर मुंबई-आग्रा रस्त्याला लागून, वडील कचेरीत कारकून. ट्रकांच्या आवाजात वाढलेली मी साठ सालानंतर लग्न होऊन या बेटावर आले, तेव्हा सुरुवातीला शांततेमुळेच मला झोप येईना. मी मॅट्रिक झालेली आणि बोलायची हौस दांडगी. इथे रिवाज असा, की सुनेने घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषांपुढे तोंड उघडायचं नाही. वडीलधारे म्हणजे आबा. माझे सासरे हयात नव्हते, आबा त्यांचे थोरले भाऊ. घर त्यांच्या शब्दावर चाले आणि गावही बरंचसं त्यांच्याच. मला त्यांना काही सांगायचं झालं तर मी सासूबाईंना सांगायचं. थोरल्या दिरासमोर सासूबाईंनाही बोलायची चोरी, म्हणून त्या पदर ओढून रांजणाला सांगायच्या. आबा ते ऐकून उत्तर दारातल्या बैलाला द्यायचे. एक साधा निरोप जाऊन परत येईस्तोवर चहा निवून जाई. नवरा भला माणूस. इतका भला की कोणाच्याच बाजूने बोलत नसे.

या अशा घरात मला तोंड मिळालं ते एका फळ्यामुळे.

गावच्या पारावर एक काळा फळा टांगलेला होता. ब्लॉक ऑफिसने दिलेला, वर तेलरंगात 'वार्ताफलक' लिहिलेलं. शाळेतले मास्तर पंचायतीच्या रेडिओवरच्या बातम्या ऐकून त्यावर लिहीत. पण मास्तर परगावचे. पहिला मोठा पाऊस झाला की ते बेट होण्याआधी घाईने पलीकडे पळत आणि श्रावण सरल्याशिवाय तोंड दाखवत नसत. एका वर्षी जाताना त्यांनी खडूचा डबा आमच्या घरी ठेवला, कारण फळ्याला बोटं न टेकता सरळ ओळीत लिहिणारं गावात दुसरं कोणी नव्हतं. आबांना त्यात वावगं वाटलं नाही. दिल्लीच्या बातम्या सुनेने लिहिल्याने घराण्याची अब्रू जात नव्हती.

पुढे रेडिओची बॅटरी उतरली. नवी आणायची तर विलायतेला जायला हवं, आणि नाव बंद. मी फळ्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, दिल्लीचं राहू दे, आपल्याकडे काय कमी घडतंय? तेव्हापासून माझी पद्धत ठरून गेली. पहिली ओळ बातमीची, दुसरी माझी.

'मुंबईला दूध महागलं. पाटलांच्या म्हशीने दूधच बंद केल्यामुळे आपल्याकडे भावाचा प्रश्न नाही.'

'पुलाची जागा पाहायला साहेब आले होते. नावेतून आले, नावेतून गेले, पाहणी झाली.'

'कालच्या नावेत एक शेळी आणि दोन जावई होते. शेळीचा काही त्रास झाला नाही.'

सकाळी पाणी भरायला निघालेल्या बाया पाराजवळ घागरी टेकवून विचारायच्या, "आज काय लिखेल शे?" मी वाचून दाखवायची. पहिल्या ओळीला कोणी हसत नसे, दुसरीची वाट बघत. ज्या गावात मी आबांसमोर खोकताना विचार करत होते, त्या गावात माझ्या दुसऱ्या ओळीवर माणसं दिवसभर हसत होती. मला याचा अभिमान वाटायचा आणि तो मी लपवतही नव्हते.

मग आबांची पाळी आली. तशी ती कधीतरी येणारच होती.

पूर किती येणार हे सांगायचा मान गावात आबांचा. टिटवीने अंडी कुठे घातली ते ते वैशाखात जाऊन बघत आणि मग पारावर निकाल देत. त्या वर्षी टिटवीने अंडी खाली वाळूजवळ घातली होती. आबा म्हणाले, यंदा पाणी गावात शिरत नाही, खुशाल झोपा. सगळे झोपले. पहाटे आबांच्या गोठ्यात गुडघाभर पाणी होतं आणि आबा धोतर खोचून वासरं सोडत होते. मी मदतीला गेले, शेण-चिखल उपसला, आणि हात धुऊन फळ्याकडे गेले.

'आबांनी सांगितलं होतं, यंदा पूर गावात यायचा नाही. पूर गावात आला नाही, आबांच्या गोठ्यातच थांबला.'

गाव पोट धरून हसलं. आबांपर्यंत ते हसू पोचलं तेव्हा ते काठी घेऊन पाराकडे गेले, उभ्या उभ्या दोन्ही ओळी वाचल्या, आणि फळा उतरवून खांद्यावर घालून घरी आणला. शेळ्यांच्या खोपीचं दार तेवढ्यातच मोडलं होतं. फळा तिथे बसवला गेला, लिहिलेली बाजू आत. त्या दिवसापासून गावच्या बातम्या शेळ्या वाचू लागल्या.

"मना गोठामा पानी शिरनं, त्यानी काय बातमी व्हस?" आबा बैलाला म्हणाले. "बठ्ठा गाव हासस."

मी रडले नाही. मला फळा परत हवा होता, आणि तो मी मिळवणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना चहा देताना मी सासूबाईंकडे न जाता स्वतःच रांजणासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "फळा परत हवा." सासूबाईंनी पदर आणखी खाली ओढला. आबांनी चहा बशीत ओतला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा रांजणाला म्हणाले, "फळा परत हवा." आबा बैलाला म्हणाले, "फया भेटनार नही." तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, मग रोजच. कधी चहाच्या आधी, कधी नंतर, पण एकही दिवस चुकवला नाही. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना आता." मी म्हटलं, "तुम्हाला बोलता येतं, म्हणून तुम्हाला जाऊ द्यायला परवडतं." आषाढ सरला, श्रावण अर्धा झाला. रांजणाला माझं म्हणणं पाठ झालं असेल. आबांना तर झालंच होतं, पण आबा हट्टाला माझ्याहून एक पायरी वर होते.

आता आमच्या काठावरच्या कडुलिंबाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या झाडावर घडलं. पुराच्या आवाजात या काठाची हाक त्या काठाला जात नाही. म्हणून जुन्या लोकांनी खुणा ठरवल्या होत्या. कडुलिंबाच्या फांदीवर पांढरं धोतर टाकलं की अर्थ, या, नाव आणा. लाल लुगडं म्हणजे दुखणं किंवा बाळंतपण, वैद्य-सुईण बघा. काळी घोंगडी म्हणजे कोणीतरी गेलं. आणि घोंगडी काढून घेतली म्हणजे मयत उचललं. या खुणांची राखण आबांकडे. कोणा पोराटोराने तिथे नुसतं फडकं वाळत घातलं तरी ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडत. त्यामुळे पलीकडचे लोक झाडावर डोळे मिटून विश्वास ठेवत.

पोळा दोन दिवसांवर आला होता. रात्रभराच्या पावसाने छप्पर गळून आबांची घोंगडी चिंब झाली. काळी, लाल काठाची, नदीच्या दोन्ही तीरांवर ओळखीची घोंगडी, आणि आबा तिला कोणाला हात लावू देत नसत. सकाळी ऊन पडलं. पांझरा फुगलेली होती. आबा स्वतः घोंगडी घेऊन नदीवर गेले, पिळली, आणि वजन झेपेना म्हणून 'घडीभर' म्हणत जवळच्या फांदीवर टाकली. मग ते महादेवाच्या देवळाच्या ओट्यावर टेकले आणि त्यांचा डोळा लागला. जो नेम त्यांनी गावाला आयुष्यभर शिकवला, तो त्यांनीच मोडला. दुसऱ्या कोणाची हिंमतही झाली नसती.

त्यांना जाग आली तेव्हा पलीकडच्या काठावर गर्दी होती. शेठनी दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या होत्या. लाल काठामुळे कोण गेलं हे विचारायचीही गरज पडली नव्हती. आसपासच्या वस्त्यांवरचे लोक टोप्या काढून उभे होते आणि भाऊकीतले दोन उत्साही गृहस्थ डोकी, मिशा उतरवून मोकळे झाले होते. मग बैलगाडीतून एक हिरवं लुगडं उतरलं. ते आबांनीच अखाजीच्या सणाला दिलेलं होतं. आबांची एकुलती एक मुलगी, माझी चुलत नणंद, पलीकडच्याच एका गावात दिलेली. ती धावत काठाशी आली आणि वाळूत बसून कपाळ बडवून घेऊ लागली. रडणं ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं.

आम्ही बोलावण्यावरून धावत काठावर पोचलो तोवर आबा पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरले होते. "मी जित्ता शे! माय, मी जित्ता शे!" असं ओरडत होते. नदी त्यांचा एक शब्दही पलीकडे नेत नव्हती. त्यांनी पागोटं काढून हलवलं. पण एवढ्या लांबून सगळे म्हातारे सारखेच दिसतात. आम्ही गावकरी हात हलवायला जमलो, तर काठावर माणसं जमली म्हणजे अंत्ययात्राच, असं त्यांना वाटलं. कोणीतरी शहाण्याने घोंगडी काढून घेतली. झालं, मयत उचललं. नणंद तोंडावर पडली. मग दुसऱ्या शहाण्याने घाईने पांढरं धोतर टाकलं, आणि त्याने सगळ्यात मोठा घोळ केला. या, नाव आणा.

नाव त्या काठाला होती. आम्ही पाहिलं, नावाडी नको-नको करत मागे सरतोय आणि नणंद त्याचा हात ओढतेय. शेवटचं तोंड बघायचं म्हणून ती त्या पुरात निघाली होती. तिने नावेच्या कडेला हात घातला. मधल्या धारेत उपटलेली बाभळीची झाडं वाहत चालली होती. आबांचा आवाज बसला. ते मागे वळून सगळ्यांकडे बघत म्हणाले, "आते काय करानं?" गावाला पूर सांगणारा माणूस पोरासारखा विचारत होता.

मी डोक्यावरचा पदर कमरेला खोचला आणि सरळ त्यांच्या समोर गेले. "आबा, घोंगडी द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी त्यांच्याशी बोललेली ती पहिली गोष्ट. त्यांनी घोंगडी दिली.

पोळ्यासाठी देवळाच्या ओट्याशी चुना भिजवून ठेवलेला होता, त्यातच कुंचाही होता. मी घोंगडी ओट्यावर पसरली. एक आजोबा मागून म्हणाले, "आधी श्री लिख, आबासना मान शे." मी म्हटलं, मानाला जागा नाही. वरच्या अर्ध्यात 'आबा' आणि खालच्या अर्ध्यात 'जिवंत', एवढंच, हातभर उंचीच्या अक्षरांत. चुना पाण्याने पसरेल म्हणून दोनदा फिरवलं. मग चौघांनी घोंगडी ताणून पाण्याच्या काठाशी धरली आणि मी आबांना तिच्या शेजारी उभं केलं.

पलीकडे कोणी हललं नाही. नणंदेचा एक पाय नावेत होता. मग शेठ पुढे आले, डोळ्यांवर हात आडवा धरला, आणि त्यांची मान वर-खाली होताना दिसली. ते वाचत होते. आयुष्यभर त्या माणसाने तोलूनमापून बोललेलं आम्ही पाहिलं होतं, पण त्यांनी नणंदेला खांद्याला धरून गदागदा हलवलं आणि घोंगडीकडे बोट केलं. ती नावेतला पाय काढून उभी राहिली. इकडे आबांनी दोन्ही हात वर केले. ती मटकन वाळूत बसली आणि तिने पदरात तोंड लपवलं. डोकी उतरवलेले दोघे एकमेकांच्या डोक्याकडे बघत होते.

आबा हलायला तयार नव्हते. पलीकडे बघत बघतच ते म्हणाले, "सकायपाईन उपाशी व्हई ती. तिले सांग, जेवी ले म्हनावं."

हे ते बैलाला म्हणाले नाहीत. बैल तिथे नव्हताच. मला म्हणाले.

मी म्हटलं, "घोंगडी भरली, आबा. आता फळा लागेल."

सासूबाईंनी माझा दंड चिमटीत पकडला. मी मात्र नजर खाली घेतली नाही. आबांनी ओठ चावले. ते हसू होतं की राग, मला आजही सांगता येणार नाही. ते वळले, घराकडे गेले, आणि परत आले तेव्हा शेळ्यांच्या खोपीचं दार त्यांच्या खांद्यावर होतं. त्यावर आतल्या बाजूला पुराची आणि गोठ्याची बातमी अजून पुसट दिसत होती. आबांनी ती आपल्याच धोतराच्या सोग्याने पुसली. मी चुन्याने दोनच शब्द लिहिले: 'जेवी ले'. नणंदेने हात वर केला. शेठनी दुकान उघडलं आणि तिच्यासमोर काहीतरी ठेवताना दिसले.

दुसऱ्या दिवशी फळा पारावर होता. शेळ्यांना नवीन दार मिळालं. मी लिहिलं:

'आबा गेल्याची बातमी खोटी ठरली. भाऊकीतल्या दोन मिशा मात्र खरोखर गेल्या.'

आबा काठी टेकत आले, दोन्ही ओळी वाचल्या आणि काठी टेकत परत गेले. संध्याकाळी मी चहा दिला तेव्हा रांजणाकडे बघण्याची गरज उरली नव्हती. ते म्हणाले, "दुसरी ओय जराशी लांब व्हयनी." तेव्हापासून ते माझे संपादकच झाले. मी त्यांचं क्वचितच ऐकलं.

ती घोंगडी त्यांनी धुऊ दिली नाही. थंडीत अंगावर 'आबा जिवंत' घेऊन पारावर बसत आणि कोणी प्रकृती विचारली की पाठ दाखवत. पाऊस, ऊन, वर्षं. अक्षरं फिकी झाली, पण चुना लोकरीत मुरला होता, पुरता गेला नाही. मला एकदा म्हणाले, "मी खरंच जासू तवय या घोंगडीवर कोनी इस्वास ठेवनार नही. तूच लिखजो."

ते गेले तेही पावसाळ्यातच, सत्तर साल उलटून गेल्यावर, दुपारी, झोपेत. पांझरा तेव्हाही भरलेली. नवऱ्याने रडत रडत घोंगडी नेऊन कडुलिंबावर टाकली. तास झाला, पलीकडे काही हललं नाही. शेठच्या दुकानात गिऱ्हाईक चालू होतं. एकदोघांनी झाडाकडे पाहिलं आणि हसून हात हलवला. आबांनी पुन्हा घोंगडी वाळत घातली, असंच ते समजले. नवऱ्याने ती उलटी करून टाकली, तरी कोणी उठेना.

मग मी पारावरचा फळा काढला आणि खांद्यावर घेतला. नवरा पुढे आला, मी त्याला दिला नाही. नदीवर जाऊन ओट्याला टेकवला, चुना कालवला. पहिली ओळ हाताने पटकन लिहिली: 'आबा गेले'. पलीकडे शेठ दुकानाच्या पायरीवर आले. निरोप कसा गेला कोण जाणे, थोड्या वेळाने नणंदही आली. पण सगळे उभेच होते. मला आधी कळेना, ते कशाला थांबलेत. मग कळलं. माझ्या बातमीला दुसरी ओळ असते, हे दोन्ही काठांना ठाऊक होतं. ते तिची वाट बघत होते. ती येईल आणि पहिली खोटी ठरेल, अशी त्यांना आशा होती.

पण आबांनी काम मला सांगितलं होतं आणि ते मी अर्धं सोडणार नव्हते. मी कुंचा पुन्हा बुडवला आणि खाली लिहिलं: 'जेवी ले'.

शेठनी ते वाचून दाखवलं असावं. नणंद वाळूत बसली. शेठ मागे वळले आणि दुकानाच्या फळ्या लावायला लागले.